बिनसभासदांचे जिमखाने

जिमखान्याचा इतिहास लिहायला घेतला की तो बहुधा अध्यक्षांच्या यादीने सुरू होतो आणि नव्या जलतरण तलावाच्या उद्घाटनापाशी येऊन संपतो. आम्हा औंढेकरांना त्यात फारसा रस असण्याचं कारण नाही. निजामाच्या काळी आमच्या हिंगोलीत पलटणीची छावणी होती, तीही १९०३ मध्ये उठली. इकडे खेळ म्हणजे यात्रेतल्या कुस्त्या: पोरांच्या नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत, आणि आखाड्याभोवती बसायला सगळ्यांनाच मोकळीक. तरीही पुण्याच्या दोन जुन्या जिमखान्यांबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्यांचा सगळ्यात रंगतदार भाग ज्यांनी घडवला त्यांना तिथे सभासद म्हणून कुणी घेतलंच नसतं.

त्यातला पहिला पूना जिमखाना, म्हणजे आजचा पूना क्लब. स्थापना १८८६ ची, जागा लष्कर भागात. पुण्याच्या गोऱ्या साहेबांना खेळांचा सोस त्याआधीपासून होताच. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात याच गावात ठरले आणि त्या खेळाला काही काळ ‘पूना’ असंच म्हणत. क्लबात क्रिकेट, टेनिस, संध्याकाळचं पेयपान. नेटिव्हांचा वावर कामापुरता.

अशाच एका कामावर १८९२ च्या सुमारास पळवणकर बाळू लागले. चांभार समाजात जन्मलेले, वडील पलटणीच्या नोकरीत. आधी पारशांच्या क्लबात तीन रुपये महिन्यावर झाडलोट आणि रोलर, मग इथे चार रुपये. काम तेच थोडं वाढलेलं: खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा आखायच्या. साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणं हे ओघानेच आलं. बाळू डावखुरे. चेंडू हाताबाहेर पडला की कधी आत वळे, कधी बाहेर, आणि टप्पाही फसवा. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा तिथला सगळ्यात कसलेला फलंदाज. जॉन ग्लेनी या नावाचं आपल्या प्रेक्षकांनी ‘जंगली’ करून टाकलं होतं. ग्रेग सामन्याआधी तासभर येऊन बाळूंकडून सराव करून घेई आणि आपल्याला बाद केलं की आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचा हिशेब खरा-खोटा कसाही असो, महिन्याच्या चार रुपयांपुढे ती रक्कम केवढी होती ते बघा. साहेबाचा सराव झाला आणि बाळूंची गोलंदाजी घडत गेली, तीही साहेबाच्याच खर्चाने. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. गोलंदाजी हे नोकराचं काम आणि फलंदाजी साहेबाची, अशी त्या नेटमधली वाटणी होती.

पुढचा भाग आपल्याला जास्त लागतो. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि हरवू शकेल असा गोलंदाज त्यांच्याच क्लबात रोलर ओढत होता. त्याला घ्यावं की नाही यावर वाद झाले. शेवटी घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात येई. जेवायला वेगळी जागा. विकेट घेणाऱ्या हाताला कपबशी चालत नव्हती! विजय मिळाल्यावर सत्कारात न्यायमूर्ती रानड्यांसारखे लोक बोलले, हेही नोंदवायला हवं. त्या काळच्या पुण्याचं सुधारकी आणि सनातनी असं दुहेरी वळण या एका खेळाडूभोवती सगळं दिसतं.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला गेले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरत होता आणि हा माणूस एका टोकाने गडी बाद करत होता. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आलं. १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

पूना क्लबच्या मैदानाने आणखी एक गोष्ट पाहिली, तीही अपुरीच राहिलेली. डिसेंबर १९४८, रणजी सामना, समोर काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, संघ ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ ची बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. प्रतिस्पर्धी कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असं बजावलं आणि ते खरोखरच सामना सोडून गेले. संस्थानिकाचा रुसवा एकूण महागात पडला. प्रथम श्रेणीत इतकी मोठी खेळी दुसऱ्या भारतीयाने आजवर केलेली नाही, आणि निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही.

नदीपलीकडचा डेक्कन जिमखाना १९०६ चा, आपल्या लोकांनी आपल्यासाठी काढलेला. पुढे अख्ख्या वस्तीला आणि बसथांब्याला त्याचंच नाव पडलं. त्याचं अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे असताना, १९१९ मध्ये, जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या. स्पर्धकांत बरेचसे शेतकरी होते. शर्यतीचे नियम त्यांच्या कानावरून गेलेले नव्हते, धावपट्टी ओबडधोबड होती आणि पाय अनवाणी. टाटांनी वेळा पाहिल्या. त्या काळी युरोपात शिकवून तयार केलेल्या धावपटूंच्या वेळांशी त्या ताडून पाहण्याजोग्या निघाल्या. दहा वर्षांनी ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड बक्षीस समारंभाला आले होते. यातल्या काही जणांना अँटवर्पच्या ऑलिम्पिकला धाडू या, ही गोष्ट तिथेच निघाली.

१९२० मध्ये सहा जण गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले, दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. नवले आणि शिंदे हे मल्ल. आगबोटीने इंग्लंड, तिथे स्टॅम्फर्ड ब्रिजच्या मैदानावर काही आठवड्यांची तालीम, मग बेल्जियम. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास. शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि ती हरले. आखाड्याच्या मातीतला माणूस पहिल्याच खेपेला पदकापासून एका कुस्तीवर होता. खाशाबा जाधवांचं कांस्य १९५२ चं, म्हणजे मध्ये बत्तीस वर्षं गेली. भारतीय ऑलिम्पिक संघटना १९२७ मध्ये रीतसर स्थापन झाली; पहिले अध्यक्ष टाटाच.

माझ्या मते जिमखान्याचं मोठेपण इथे आहे. टाटांनी पैसा दिला, ते खरंच. पण त्याआधी जिमखान्याने कुणीही यावं आणि धावावं अशी रेघ आखली आणि घड्याळ लावलं. ते घड्याळ नसतं तर चौगुले बेळगावच्या रस्त्यांवरच धावत राहिले असते.

आमच्याकडे आज पहाटे पाचला हमरस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीचे मीटर डोक्यात असतात, पोरांच्या सोळाशे, पोरींच्या आठशे. बाजूने ट्रक जात असतात. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभी राहते आहे, तिथे अणूहून सूक्ष्म थरथर मोजली जाईल. या पोरांची वेळ मात्र भरतीचा दिवस सोडला तर कुणी मोजत नाही. राज्यात जुने जिमखाने पुष्कळ आहेत. शताब्दी साजरी करताना त्यांनी स्मरणिका जरूर काढाव्यात. सोबत वर्षातून एक रविवार मैदान बिनसभासदांना द्यावं, प्रवेश फी न घेता शर्यत लावावी आणि लागलेल्या वेळा वर्तमानपत्रात छापून आणाव्यात.