'चूल'मधला च आणि जर्मन 'माल्त्स'



2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे कामाला जायचं तर आधी जर्मन शिकावं लागतं. म्हणजे उद्या भोर-वेल्ह्यातल्या मुलांसमोरही ही भाषा येणार. पहिली भीती उच्चारांची असते. पण यातले निम्मे उच्चार मराठी मुलांच्या तोंडात आधीच आहेत.

उदाहरणासाठी धान्य आंबवण्याचे शब्द घेऊ. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो. जवाला (बार्लीला) मोड आणून वाळवलं की त्याला इंग्रजीत माल्ट, जर्मनमध्ये माल्त्स म्हणतात. परदेशात घरी बिअर बनवण्याचा छंद आहे, त्यातले कितीतरी शब्द जर्मन आहेत. आपल्याकडे परवान्याशिवाय असं करणं गुन्हा आहे. आपल्याला फक्त शब्द हवेत.

1. झेड: 'चूल', 'चाक' यांतला च, 'चहा'तला नव्हे. म्हणून माल्त्स. गहू म्हणजे वाय्त्सन. विज्ञानातलं 'हर्ट्झ' मूळचं हेर्त्स.

2. शब्दाच्या शेवटी एकटा ई: 'केलं', 'घरं' बोलताना शेवट जसा होतो तसा. यीस्टला म्हणतात हेऽफं. 'हेफी' हा इंग्रजी वळणाचा उच्चार.

3. डब्ल्यूचा व, व्हीचा बहुधा फ: चाकणला कारखाना असलेल्या गाडीचं नाव जर्मन माणूस फोल्क्सवाऽगन असं घेतो.

4. ई-आय म्हणजे आय, आय-ई म्हणजे ई: वाय्त्सनमध्ये पहिला, बिअरच्या जर्मन नावात दुसरा.

5. सुरुवातीला एस-टी आलं की श्ट: श्टाइन, म्हणजे दगड.

6. यू वर दोन टिंबं: हा मात्र नवा. ओठ 'ऊ'चे ठेवा आणि 'ई' म्हणा. माल्त्सपासून काढलेल्या गोड पाण्याला व्युर्त्सं म्हणतात, त्यात हा स्वर आहे.

दुसरा नवा उच्चार एका शास्त्रज्ञाच्या नावातून शिकवता येईल. 1516 च्या बव्हेरियातल्या नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं होतं. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण त्याचं काम तेव्हा कळलेलं नव्हतं. 1897 मध्ये एडुआर्ड बूख्नर यांनी दाखवलं की यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही, म्हणजे जिवंत पेशी नसतानाही, साखरेचं किण्वन होतं. त्यासाठी त्यांना 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या नावातला ख घशात घासून म्हणायचा, खाकरताना येतो तसा.

वर्गात असं करून पाहा. चूल, चहा, चाक, चिंच, चोर, चिमणी हे शब्द मुलांना मोठ्याने म्हणायला लावा आणि दोन रकाने करा. लिहिताना एकच च, बोलताना दोन, हे मुलांना स्वतःच्या कानांनी कळेल. मग पहिल्या रकान्यातला च घेऊन 'माल्त्स' म्हणायला सांगा.

परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातलंच रूप लिहायचं: हर्ट्झ. इंग्रजी वळणाचा उच्चार करणाऱ्या मुलाला हसू नका. दोन्ही उच्चार सांगा, कुठला कुठून आला तेही सांगा. आपल्या बोलीतला आवाज परक्या भाषेत कामी येतो, हे कळलं की मूल तोंड उघडायला घाबरत नाही.