ठोसा गरिबाचा, पडदा पैसेवाल्याचा

क्रिकेटची मॅच असली की आमच्या वस्तीत एका टीव्हीपुढे वीस-पंचवीस माणसे बसतात. मुष्टियुद्ध ऑलिंपिकपुरतेच आठवते. अमेरिकेत मात्र १९५० च्या दशकात दर शुक्रवारी रात्री हा खेळ टीव्हीवर फुकट दिसे. मुहम्मद अली आणि स्पिंक्स यांच्या १९७८ सालच्या लढतीही लोकांनी घरबसल्या पाहिल्या. पुढे मोठ्या लढती जादा पैसे भरणाऱ्यांपुरत्या उरल्या. २०१५ च्या मेवेदर-पॅकियाओ सामन्याला एका घराला नव्वद ते शंभर डॉलर पडले! गरीब काळ्या वस्त्यांनी वाढवलेला खेळ त्याच वस्त्यांच्या खिशाबाहेर गेला. तिथला फुटबॉल बहुतांशी फुकट राहिला, म्हणूनच आमच्या मते तो पुढे गेला.

२०१२ मध्ये मेरी कोमने लंडनला कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या मुलींनी ग्लोव्हज मागितले. ते कुठे मिळतात, हे आम्हाला सांगता आले नाही.