पुतळ्यांची माळ आणि ब्रूटसचें नाणें

पुतळ्यांची माळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. लहानपणीं आजीच्या माळेतील एकेक पुतळी हातांत घेऊन आम्ही ‘हा राम, ही सीता’ असें ओळखीत असूं. पुढें कळलें कीं, या पुतळ्यांचें मूळ व्हेनिस नगरीनें इ. स. १२८४ पासून पाडलेल्या डुकॅट नांवाच्या सुवर्णनाण्यांत आहे; आमचा राम म्हणजे संत मार्क, आणि सीता म्हणजे त्याच्यापुढें गुडघे टेकणारा तेथील राज्यप्रमुख! आजीस हें सांगण्याचें धैर्य मात्र आम्हांस कधींच झालें नाहीं.

परदेशचें नाणें गळ्यांत घालण्याची चाल याहूनही जुनी आहे. दक्षिण हिंदुस्थानांत सांपडलेल्या कित्येक रोमन मोहरांस भोकें पाडलेलीं किंवा कडी लावलेली आढळते. मिरीं, मोतीं व तलम वस्त्रें यांच्या मोबदल्यांत हें सोनें-रुपें इकडे येई. हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत करून ठेविली आहे. आपल्या संस्कृतांतील ‘दीनार’ हा शब्दही रोमन ‘डेनेरियस’ याचाच अवतार होय.

तिकडे युरोपांत हीं नाणीं जमविण्याचा छंद फार जुना. इ. स. १३५४ मध्यें पेट्रार्क कवीनें मांटुआ येथें चौथ्या चार्ल्स राजास रोमन बादशहांचीं नाणीं नजर केलीं, तीं या थोर पुरुषांचा कित्ता गिरवावा अशा उपदेशासह. राजास उपदेश आवडला कीं नाणीं, हा प्रश्न निराळा.

परंतु या सर्व छंदी लोकांचें मन ज्यावर विशेष जडलें आहे, तें नाणें एका खुन्याचें आहे. इ. स. पूर्व ४४ मध्यें सीझरनें आपला चेहरा नाण्यावर घातला. जिवंत माणसाचा मुखवटा रोमच्या नाण्यावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. तें राजेपणाचें लक्षण मानलें गेलें. त्याच वर्षीं १५ मार्च रोजीं त्याचा वध झाला. पुढें वध करणाऱ्यांचा अग्रणी ब्रूटस यानें सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळींत नाणें पाडलें. त्याच्या एका बाजूस दोन खंजीर, त्यांमध्यें गुलाम मुक्त झाला म्हणजे घालावयाची टोपी, आणि खालीं त्या दिवसाची तीथ. दुसऱ्या बाजूस काय असावें? खुद्द ब्रूटसचा चेहरा! ज्या मोहाबद्दल मित्रास ठार केलें, तोच मोह यासही आवरला नाहीं. इ. स. पूर्व ४२ मध्यें फिलिपायच्या रणांगणावर पराभव होतांच त्यानें स्वतःचा अंत करून घेतला, त्यामुळें हीं नाणीं थोडींच निघालीं. चांदीचीं शंभराच्या आसपास व सोन्याचीं अवघीं तीन ज्ञात आहेत. त्या तिहींपैकीं एकास वरच्या अंगास भोक आहे. कोणीतरी तें गळ्यांत मिरविलें असावें. मग आमच्या आजीनेंच काय पाप केलें होतें?

तिसरें सुवर्णनाणें २०२० सालीं लंडनच्या लिलावांत २७ लक्ष पौंडांच्या बोलीस गेलें. मागाहून न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या तपासांत असें निघालें कीं, तें पूर्वी कोणाकडे होतें याचे दाखले बनावट आहेत. नाणें अस्सल, कुळकथा खोटी! २०२३ मध्यें तें ग्रीसला परत देण्यांत आलें. कोठल्या जमिनींत, कशाशेजारीं तें निघालें, हें खणणाऱ्यानें लपविलें कीं निम्मा इतिहास बुडाला. मग रक्कम कितीही मोजा.

नाणेंच खोटें, असेंही घडतें. बेकर (१७७२–१८३०) नांवाचा जर्मन गृहस्थ सुबक ठसे खोदून नाणीं पाडी व तीं लोखंडाचा कीस आणि वंगण यांच्या पेटींत घालून ती पेटी आपल्या गाडीच्या आंसास बांधी. चार मैल रपेट झाली कीं नवें नाणें शतकानुशतकांचें जुनें दिसूं लागे.

आमच्या काकूंच्या माळेंत पुतळ्यांशेजारीं एक निराळें, जाडसर नाणें ओवलेलें होतें. त्यावर पानांचा मुकुट घातलेल्या पुरुषाचें मस्तक होतें, एवढेंच आम्हांस स्मरतें. इतिहासाचीं पुस्तकें वाचूं लागल्यावर एके दिवाळींत आम्हीं तें पाहावयास मागितलें. काकू म्हणाल्या, “अरे, तें कधींच आटवलें. पुतळ्यांना हात लावूं दिला नाहीं हो मीं. पण त्याच्यावर कांहीं देव नव्हता, म्हणून आधीं तेंच दिलें सोनाराला.”

तें रोमन होतें किंवा कसें, हें आतां कोण सांगणार? काकूंनीं हात पुढें केला व आम्हांस पाटल्या दाखविल्या. घडण सुरेख होती.