परसबागेचीं हत्यारें : कुदळ, फावडें आणि खुरपें

बागेची हौस बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत असते. गुलाब कोणत्या जातीचा लावावा, आंब्याचें कलम कोठून आणावें, यावर जेवणाच्या पंगतीस घटका घटका चर्चा चालते. परंतु ज्या हत्यारांच्या बळावर ती बाग उभी राहावयाची, त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. बाजारांत जें प्रथम दिसेल तें फावडें उचलावें, घरीं आणून कोपऱ्यांत टेकवावें, आणि बागकाम ज्याच्या वांट्यास येईल त्यानें तें मुकाट्यानें वापरावें, अशी आपली रीत. आमच्या घरींही हीच रीत होती, आणि तिची किंमत आमच्या थोरल्या वहिनींच्या पाठीनें मोजली.

आमचें घर बदलापुरास आहे. घरापुढें दोन गुंठे मोकळी जागा. तींत जास्वंद, तगर, अळू, पडवळाचा मांडव आणि एक जुनें जांभळीचें झाड. घरांतील बाकीचीं माणसें सकाळच्या गाडीनें मुंबईस जाणारीं. त्यामुळें बागेचा भार सहजच वहिनींवर पडला. चार वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस सुरू होतांच मीच उत्साहानें एक भारी फावडें आणि दोन खुरपीं घेऊन आलों. फावड्याचें पातें चांगलें रुंद, वजन दोन किलोंहून अधिक आणि दांडा जेमतेम हात-दीड हात लांब. वजन म्हणजेच मजबुती, अशी माझी समजूत! त्या पावसाळ्यांत वहिनी रोज सकाळीं कमरेंत वांकून त्या फावड्यानें तण उकरीत होत्या. भाद्रपदांत एके दिवशीं त्यांना वाफ्यावरून उठतांच येईना. पुढें तीन आठवडे त्या अंथरुणास खिळल्या. डॉक्टरांनीं औषध लिहून देण्यापूर्वी विचारलें, "हत्यार कोणतें वापरतां?" हा प्रश्न आम्हांपैकीं कोणीही त्यांना आजवर विचारला नव्हता.

आंखूड दांड्याचा हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचें खोरें देत असत. दिवसभर दुमडून काम केल्यामुळें भर वयांत माणसांच्या पाठी कायमच्या जायबंदी होत. मळेवाले म्हणत कीं आंखूड दांड्यानेंच काम नेटकें होतें. अखेर मजुरांच्या वतीनें दाद मागण्यांत आली आणि १९७५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तें हत्यार बंद झालें. दांडा लांब झाला म्हणून तेथील पिकें कांहीं बुडालीं नाहींत. परक्या मुलुखांतील मजुराच्या पाठीसाठीं न्यायालय जें करतें, तें घरच्या माणसांसाठीं आपणांस न्यायालयावांचून करतां येऊं नये काय?

वहिनी अंथरुणावर असतांना बेणणीसाठीं बारवीच्या बाजूच्या एका वाडीवरून ठाकूर समाजाच्या एक वृद्ध बाई येऊं लागल्या. देशावर ज्यास निंदणी किंवा खुरपणी म्हणतात, त्यास आमच्या बाजूस बेणणी म्हणतात. आम्हीं कापून ठेवलेला गवताचा ढीग आणि त्याच वाफ्यांत पुन्हा उगवलेलें हिरवेंगार लव्हाळें त्यांनीं पाहिलें, आणि हंसून म्हणाल्या, "हें तुम्ही मारलं नाय, पेरलंत." या एका वाक्यांत बागकामाचा निम्मा धडा आहे.

तण दोन जातींचें असतें, आणि दोहोंस हत्यार निराळें लागतें. टाकळा, केना, माठ, गाजरगवत हें तण मुख्यतः बियांपासून वाढतें. हें कोंवळें असतांना आणि फुलावर येण्यापूर्वी धारदार खुरप्यानें जमिनीच्या लगत, बोटभर मातीखालीं छाटलें कीं बहुतेक मरतें. केन्याचे तुकडे मात्र ओल्या मातीवर ठेवूं नयेत. त्यांच्या पेऱ्यांना पुन्हा मुळें फुटतात. कोंवळ्या टाकळ्याची तर भाजीच होते. गाजरगवत १९५० नंतरच्या दशकांत पुण्याकडे प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, म्हणून तें हातमोजे घालूनच उपटावें.

दुसरी जात लव्हाळ्याची व हरळीची. लव्हाळ्याच्या मुळाशीं गांठी असतात, आणि त्या दोऱ्यांत ओंवलेल्या मण्यांप्रमाणें जमिनींत एकमेकींस जोडलेल्या असतात. वरून पात कापली कीं खालची गांठ जागी होते. फावड्यानें दोरी तोडली कीं प्रत्येक मणी निराळें झाड होऊं पाहतो. आमच्या भारी फावड्यानें नेमकें हेंच केलें होतें. या तणास ऐन पावसांत छेडूं नये. तेव्हां वरची पात वाढूं न देण्यापुरतेंच खुरपावें. हस्ताचा पाऊस सरल्यावर अरुंद पात्याच्या कुदळीनें वीतभर खोल खणून गांठी व मुळ्या हातानें वेंचाव्या आणि कडक उन्हांत पसराव्या. वाळल्या कीं गांठी मरतात. हिरव्या खताच्या खड्ड्यांत त्या कधीं टाकूं नयेत. दिवाळीच्या उटण्यांत जो नागरमोथा आपण विकत घेतों, तो याच कुळांतला, ही त्यांतली गंमत.

आतां हत्यारांची निवड. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल या भीतीनें शेतकरी तो घेईनात. ती समजूत चुकीची होती खरी. पण जमिनीस काय लागेल याचा विचार तरी ते करीत होते. आपण तेवढाही करीत नाहीं.

कुदळ खणण्यासाठीं, तिचें पातें अरुंद असावें. फावडें माती ओढण्यासाठीं, सरी पाडण्यासाठीं व आळें करण्यासाठीं; तें खणण्यासाठीं नव्हे. टिकाव दगडगोट्यांच्या जमिनीसाठीं. खुरपें झाडांच्या मुळांजवळच्या नाजूक कामासाठीं. मोकळ्या वाफ्यांतील तणासाठीं लांब दांड्याचें हलकें खुरपें किंवा हातकोळपें मिळतें. तें उभ्यानें चालवतां येतें आणि घरांतील वडील माणसांस तेंच योग्य. घरगुती बागेस कुदळीचें पातें दीड किलोचें पुरे. फावड्याचें त्याहूनही हलकें चालेल. हत्यार जो वापरणार त्यालाच दुकानांत न्यावें आणि त्याच्याच हातीं देऊन पाहावें. फावड्याचा व कुदळीचा दांडा उभा धरला असतां कमरेच्या वर यावा. उभ्यानें चालवावयाच्या खुरप्याचा खांद्यापर्यंत. मूठ सहज मिटेल इतकीच त्याची जाडी असावी. लाकडाची शीर सरळ असावी, गांठ नसावी. नेढ्यांतून वर आलेलें दांड्याचें टोंक किंचित् फुगीर असावें, म्हणजे कुदळ निसटून उडत नाहीं. दांडा सैल झाला तर पाण्यांत भिजत घालण्याची युक्ति एक दिवसाची. वाळल्यावर तो पूर्वीपेक्षां सैल होतो. पाचर ठोकणें हाच खरा उपाय. पातें दगडावर हलकेंच वाजवून पाहावें. आवाज खणखणीत यावा, फुटका आला तर चीर असण्याचा संभव. मुरबाड तालुक्यांत म्हसे येथें पौष पौर्णिमेपासून जी यात्रा भरते, तेथें बैलबाजाराबरोबर अवजारांचीही दुकानें लागतात. तेथें किंवा गांवच्या लोहाराकडे आपल्या मापाचें हत्यार करून घेतां येतें.

जमीनही पाहिली पाहिजे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर एकाच लोहमार्गावर ओळीनें वसलीं आहेत. पण माती एक नाहीं. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें गांवाची कोनशिला बसली. अशा दाट वस्तीच्या अंगणांत विटा, कांचा, खडी यांची भर सांपडते. तेथें आधीं टिकावानें जपून उकरून भर काढावी. अंबरनाथास शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलें जें शिवालय आहे, तें ज्या काळ्या पाषाणाचें, त्याच पाषाणाचा झिजून झालेला मुरूम तेथील उंचवट्यांवर लागतो. तेथें रुंद पात्याचें कांहीं चालत नाहीं, टोंकदार कुदळच हवी. बदलापुरास नदीकांठीं गाळाची माती मऊ खरी, पण २००५ व २०१९ च्या जुलैंतल्यासारखे पूर तिजबरोबर कोठकोठलें तणाचें बींही आणून टाकतात. तेथें खुरप्यास विसांवा नाहीं.

माती कोणतीही असो, वाफसा आल्यावांचून खणूं नये. मूठभर माती दाबून सोडावी. गोळा होऊन बोटानें फुटला तर वेळ योग्य. चिकट चिखलांत फावडें घातलें तर पुढें दगडासारखीं ढेंकळें होतात. कुदळ डोक्यावरून उगारूं नये. खांद्यापर्यंत उचलून तिच्या वजनानेंच पडूं द्यावी. पाय फांकलेले, गुडघे किंचित् वांकलेले, पायांत बूट. खुरपतांना लाकडी पाटावर बसावें आणि अर्ध्या तासानें उठून चार पावलें चालावें. दाट गवतांत हात घालण्यापूर्वी काठीनें चाळवून घ्यावें. पावसाळ्यांत फुरसें व घोणस तेथेंच दडतात. हत्याराची जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या लशीविषयीं डॉक्टरांस त्याच दिवशीं विचारावें.

काम संपल्यावर करवंटीनें पात्याची माती खरवडावी, फडक्यानें कोरडें करून तेलाचा हात फिरवावा. दांड्यास वर्षांतून एकदां जवसाचें तेल द्यावें. धार बोथट होतांच खुरपें पाजवून घ्यावें. बोथट हत्यारास जोर अधिक लागतो, आणि तो जोर अखेर मनगटांतून व पाठींतूनच यावयाचा.

वहिनी बऱ्या झाल्यावर आम्हीं तें भारी फावडें काढून टाकलें. लोहाराकडून दोन हत्यारें नवीं करविलीं : एक दीड किलोची कुदळ आणि एक लांब दांड्याचें खुरपें, दोन्ही वहिनींच्या मापानें. दुसऱ्या हस्तानंतर लव्हाळ्याच्या गांठी त्या ठाकूर बाईंच्या देखरेखीखालीं आम्हीं सर्वांनीं मिळून काढल्या. रविवारची सकाळ आतां घरांतील पुरुषमाणसांची पाळी असते. लव्हाळें अजून समूळ गेलेलें नाहीं. वहिनी मात्र हल्लीं ताठ उभ्या राहून वाफा खुरपतात, आणि तेवढ्या वेळांत कोणी त्यांच्या खुरप्यास हात लावलेला त्यांना खपत नाहीं.