जुनी आलिशान मोटार घेण्यापूर्वीं



अलीकडे शहरांतील सुखवस्तु कुटुंबांत एक नवा मोह शिरला आहे. ‘एस्. यू. व्ही.’ या नांवानें ओळखली जाणारी, उंच बांध्याची व परदेशी छापाची मोटार सहा-सात वर्षें वापरून झाली, म्हणजे मूळच्या निम्म्याहून कमी किंमतींत मिळूं लागते. शिवाय या गाड्या आतां सर्वस्वी परक्याही राहिलेल्या नाहींत. मर्सिडीज-बेंझच्या कांहीं गाड्या चाकणला, ऑडीच्या छत्रपति संभाजीनगरला आणि लँड रोव्हरच्या पुण्यास जोडल्या जातात. तेव्हां अशी एखादी गाडी आपल्याही दारीं असावी, असें वाटणें स्वाभाविक आहे. तें वाटणें मी निंद्य मानीत नाहीं. मात्र पैसे मोजण्यापूर्वीं काय काय पाहावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक मूळ तत्त्व ध्यानांत घ्यावें. वर्षें लोटतात तशी गाडीची किंमत उतरते; तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. जुन्या गाडीचा पुढचा दिवा फुटला, तर नवा दिवा नव्या गाडीच्या भावानेंच घ्यावा लागतो. हत्ती निम्म्या किंमतीस मिळाला म्हणून तो चारा निम्मा खात नाहीं! म्हणून खरा प्रश्न ‘गाडी घेतां येईल काय?’ हा नसून ‘पोसतां येईल काय?’ हा आहे. पुढील सर्व तपासणीचा हेतु एकच : विकणारा गाडीबरोबर पुढचा किती खर्च आपल्या गळ्यांत बांधीत आहे, तें आधींच ओळखणें.

आरंभ कागदपत्रांपासून करावा. नोंदणी-प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदवहींत मालक कितवा, विमा कधींपर्यंत व कर्जाचा बोजा आहे कीं नाहीं, हें कळतें. बोजा असेल तर बँकेचा दाखला व नमुना क्रमांक ३५ यांवांचून पुढें पाऊल टाकूं नये. थकलेला दंडही पाहावा. परप्रांतांतील गाडी स्वस्त दिसते. पण तिला तेथील ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना क्रमांक २८, लागतो आणि महाराष्ट्राचा करही येथें भरावा लागतो. ती रक्कम मिळविल्यावर स्वस्ताई कितीशी उरते, तें कागदावर मांडून पाहावें.

दुसरी गोष्ट गाडीच्या पूर्वायुष्याची. अंतरमापकावरील आंकडा मागें नेतां येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये. अधिकृत कार्यशाळेंत प्रत्येक दुरुस्तीच्या वेळीं तो आंकडा नोंदविलेला असतो. विकणाराच्या संमतीनें ती नोंद मागवावी. आंकडा चढत चढत मध्येंच उतरलेला दिसला, तर बोलणें तेथेंच संपवावें. टायरच्या बाजूवर चार अंक असतात; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी थोडी चालली असें सांगितलें जातें आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले निघतात, तेव्हां दोहोंपैकीं एक खोटें असतें.

तिसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. तेव्हांपासून हा प्रश्न जाणत्या गिऱ्हाइकाच्या तोंडीं असतो. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करतां येते. परंतु तिच्या तारांच्या जोडांत शिरलेला गंज महिनोन्‌महिने दोष काढीत राहतो. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. तळाशीं गाळाचा डाग दिसल्यास गाडी पाण्यांत होती असें समजावें. आसनांखालचा गंज व गालिच्याखालचा कुबट वास हींही तशींच लक्षणें होत.

आतां प्रत्यक्ष यंत्र. गाडी पाहावयास सकाळीं जावें आणि इंजिन थंड आहे ना, हें बॉनेटवर हात ठेवून पाहावें. गरम इंजिन आपले पुष्कळ दोष झांकतें. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडींत चारही टायर एका मापाचे व साधारण सारखे झिजलेले हवेत. नाहींतर जोर वांटणाऱ्या यंत्रणेवर ताण पडतो. स्वयंचलित गिअर बदलतांना हिसका बसूं नये. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी चाळणी असते. ती जाळून स्वच्छ होण्यास लांब पल्ल्याची धांव लागते. केवळ शाळा, बाजार व कचेरी यांच्याच फेऱ्या झालेल्या गाडींत ती तुंबलेली सांपडण्याचा संभव अधिक. गाडीच्या संगणकांतील दोषसंकेत पुसून टाकतां येतात. परंतु नुकतेच पुसले असतील तर स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात, ही खूण कुशल मिस्त्री ओळखतो. असा मिस्त्री आपला असावा, विकणाराचा नव्हे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशीच एक ऐटबाज गाडी घेतली. दिवसा ती ताठ उभी असे. सकाळीं पाहावें तों पुढचा डावा कोंपरा बसलेला! अशा कांहीं गाड्यांत लोखंडी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या उशा असतात. त्यांतील एक गळत होती आणि तिला पुरवठा करतां करतां हवेचा पंपही थकला होता. दोन्ही बदलण्यांत मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठीं राखलेले पैसे गेले. गाडी एक रात्र उभी ठेवून सकाळीं पाहिली असती, तर तो दोष फुकट कळला असता.

सौदा ठरल्यावरही काम संपत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमाप्रमाणें हस्तांतर एकाच राज्यांतील असेल तर विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत नोंदणी-कचेरीस कळवावयाचें असतें. नमुने २९ व ३० यासाठींच आहेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नांवें करून घ्यावा, नाहींतर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. आणि आपली गाडी विकणारांनींही विसरूं नये : अपघात झाल्यास नोंदवहींत ज्याचें नांव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निर्णय आहे.

तात्पर्य, अशी गाडी घेऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. नीट राखलेली, कागदपत्रें स्वच्छ असलेली गाडी जरूर घ्यावी. पण किंमतीबरोबर पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवावी. ती काढणें जड जात असेल, तर ती गाडी अजून आपल्याला महाग आहे, असें समजावें. आणि विकणारा ‘आजच ठरवा, उद्यां दुसरें गिऱ्हाईक येणार आहे’ असें म्हणाला, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकास आनंदानें वाट मोकळी करून द्यावी.