एबीएसचा दिवा: लागतो, विझतो, पुन्हा लागतो

जुनी गाडी रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघते. हातखंब्यापर्यंत सगळं ठीक. पुढे एखादा खड्डा बसतो आणि डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा पेटतो. पालीला चहा घेऊन गाडी पुन्हा सुरू केली की दिवा गायब, साखरप्याच्या वळणांवर परत हजर. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर तो लागतच नाही. डॉक्टरांच्या दारात पोहोचताच दुखरा दात गप्प बसावा, तसा.

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. पहिला सल्ला घाबरवणारा: 'ब्रेक गेले, गाडी हलवू नका.' असं नसतं. एकटा पिवळा दिवा इतकंच सांगतो की चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा तूर्त बंद आहे. साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर मात्र चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते, म्हणून वेग कमी आणि अंतर जास्त ठेवायचं. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला आणि हँडब्रेक ओढलेला नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाडी बाजूला घेऊन आधी ब्रेक ऑइल पाहायचं आणि पुढे ती चालवत न नेता उचलून न्यायची.

दुसरा सल्ला खिशाला चाट लावणारा: 'सेन्सर गेलाय, बदलून टाका.' कधीकधी तो खरा ठरतोही. पण प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर म्हणजे साखळीतली एकच कडी. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यावरून वेग मोजतो. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. कडं आणि सेन्सर यांतली फट जेमतेम मिलिमीटरभर. वेग कमी असला की त्याचा संकेत मुळातच क्षीण असतो. फट वाढली तर तो आणखी क्षीण होतो.

आणि फट वाढवायला रत्नागिरीची हवा पुरेशी आहे. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या किनाऱ्यांवरची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सेन्सर बसतो त्या जागी गंजाचे पापुद्रे धरतात आणि त्याला कड्यापासून दूर ढकलतात. कपलरच्या पिनांवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढतो. स्टिअरिंगबरोबर सतत वळणारी तार वरून धड दिसते, आतून तुटलेली असते. म्हणूनच दिवा वळणावर लागतो. बेअरिंग सैल झालं तरी फट कमीजास्त होते. पडवीत महिनोन् महिने उभ्या असलेल्या चाकरमान्याच्या गाडीत उंदरांनी तार कुरतडली असेल, तर नवा सेन्सर काय करणार?

'स्कॅनर लावला की भाग कळतो' हाही अर्धा समज. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनच्या बिघाडाचेच कोड वाचतो. एबीएसचे वाचणारा वेगळा लागतो. तोही 'पुढचं डावं चाक, संकेत नाही' एवढंच सांगतो. तार, कपलर, कडं की सेन्सर, हे शोधायचं माणसानेच. खरा उपयोग चालत्या गाडीत होतो: चारही चाकांचा वेग पडद्यावर पाहत गाडी चालवायची, एक आकडा मध्येच शून्यावर आपटला की चाक सापडलं. मग तिथली तार हलवून पाहायची. जुना सेन्सर मल्टिमीटरने मोजता येतो. नव्या, इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा रोध मोजून काही निष्पन्न होत नाही.

बॅटरीची तार काढून पुन्हा जोडणं हा सर्वांत लाडका उपाय. त्याने दिवा विझतो, बिघाड राहतो. काही गाड्यांत साठवलेला कोडही पुसला जातो, म्हणजे होता तो पुरावाही गेला. पालीच्या चहानंतर दिवा विझला तोही याच न्यायाने. किल्ली फिरवली की यंत्रणा स्वतःला नव्याने तपासते आणि त्या क्षणी दोष दिसला नाही की दिवा विझवते. बॅटरी अशक्त असणं हे मात्र खरं कारण असू शकतं, म्हणून तिचा व्होल्टेज आधी मोजावा.

जोरात ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरलं तर तो बिघाड नव्हे. एबीएस आपलं काम करत असतं. कोरड्या रस्त्यावर, हळू थांबताना शेवटच्या क्षणी थरथरलं तर मात्र कडं तडकलं आहे का, ते पाहावं.

आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झालं ते एप्रिल 2019 पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ते फक्त महागड्या मॉडेलात मिळे. म्हणून अशी जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवून पाहा: एबीएस असलेल्या गाडीत पिवळा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढून ठेवला असण्याची शक्यता आहे.