उसाला निघालेल्या मैत्रिणीला काय द्यायचं? तिच्याच जुन्या कपड्यांची गोधडी

कपिलधार (ता. बीड) : दिवाळीच्या आसपास आपल्या भागात दोन घाया असतात. एक यात्रेची. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला दिंड्या पायी येतात, नांदेड-लातूरकडून, पार कर्नाटकातून. दुसरी घाई ऊसतोडीच्या टोळ्यांची. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं ते पाडव्याच्या आसपासच परत येतं.

मागच्या वर्षी आमच्या मंडळींची लहानपणची मैत्रीण पहिल्यांदाच कोयत्याला निघाली. तिला काहीतरी द्यायचं ठरलं. मी म्हणालो, बीडला फोटो छापलेला कप मिळतो. त्यावर घरातून उत्तर आलं, "कोपीत कप कुठं मांडील ती?" बरोबरच होतं. पाचटाच्या कोपीत, थंडीच्या दिवसांत, पहाटे उठायचं असताना लागते ती गोधडी. आणि ती विकतची नको, तिच्या माणसांच्या कपड्यांची हवी.

म्हणून कपडे गोळा करण्यापासून सुरुवात झाली. घट बसायच्या आधी घरोघरी गोधड्या धुवायला निघतात, तेव्हाच जुनी गाठोडी सुटतात. मैत्रिणीच्या आईला गुपचूप विचारलं. आईचं विरलेलं लुगडं, मैत्रिणीची लग्नानंतरची पहिली सुती साडी, तिच्या पोराचा अंगणवाडीतला सदरा असं मिळालं. काहींना वाटतं, जुनं कसं द्यायचं? माझ्या मते नवं कापड घातलं तर त्यात तिचं काय राहिलं?

कापड सुतीच घ्या. पॉलिस्टर, नायलॉन आत घालू नका. कोपीत चूल जवळ असते, ठिणगी पडली तर असलं कापड वितळून अंगाला चिकटतं. सगळं आधी वेगवेगळं धुवा. ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवा. आमच्या घरच्या एका गोधडीत लाल खण असाच गेला आणि पहिल्याच धुण्यात सगळी गुलाबी झाली.

आता मापाचं. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट लांब आणि पावणेचार फूट पन्ह्याची असते. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट लांब तीन थर तयार. ते आत. खाली एक धड, गडद कापड, म्हणजे काजळी-माती दिसत नाही. वर तुकडे जोडलेला थर. असे पाच थर झाले. जास्त थर घातले तर सुई जात नाही, आणि भिजलेली गोधडी उचलताना कंबर मोडते. फडावर पाणी मोजकंच असतं, हेही ध्यानात ठेवा. लेकरू कुशीत झोपणार असेल तर मात्र कडेनं फूटभर पट्टी जोडून रुंदी वाढवा.

जमीन झाडून थर अंथरा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. मधून कडेकडं हातानं सारखं करत लांब लांब कच्चे टाके घाला. हे काम टाळलं तर आतलं कापड गोळा होतं, मग कितीही शिवा, गाठोडंच. नंतर जाड सुती दोऱ्यानं कडेपासून धावदोरा सुरू करा आणि फिरत फिरत आत या. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. मशीनवर शिवली तर लवकर होते, पण एवढे थर बऱ्याच मशिनींना ओढत नाहीत. हाताच्या टाक्याची गोधडी मऊही राहते.

वरच्या थरावर काय काढायचं हा ज्याचा त्याचा विषय. मंडळींनी मधोमध कपिलधारचा धबधबा काढला. निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याच्या उभ्या ओळी, बस्स. लहानपणी दोघी पावसाळ्यात तिथंच जायच्या. पोराचा सदरा खिशासकट लावला. कोपऱ्यात नाव काढलं. टोळीत दहा गोधड्या एकाच दोरीवर वाळतात, ओळखायला खूण लागतेच. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी नावाऐवजी तुळस, बैल, काहीही ओळखीचं चालतं.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. बंगालात जुन्या साड्यांचा कांथा होतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या शेतकरी बाया नवऱ्यांच्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००६ साली तिथल्या सरकारनं त्या गोधड्यांची टपाल तिकिटं काढली. आपल्या बाया मात्र अजूनही "काय, चिंध्याच तर हायेत" म्हणून मोकळ्या होतात.

रोज रात्री जेवणानंतर दोन तास धरून आमच्या घरी बावीस दिवस लागले. त्यामुळे घटस्थापनेला हात लावा. टोळी कधी हलेल ते मुकादम आदल्या दिवशी सांगतो, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. देताना एका कोपऱ्याला सुई-दोरा खोचून द्या, तिकडं फाटली तर दुकान जवळ नसतं. आमच्या मैत्रिणीला तो माघातच लागला. चुलीजवळ कड जळाली, आणि तिनं तिथं नवऱ्याच्या फाटक्या शर्टाचं ठिगळ लावलं.